आधी कापसाचं सांगजा

बसा भाऊ, ते खाट वढून घ्या अन् बसा. चहा येईन तवा येईन. तोवर तुमाले उर्वशीची गोठ सांगतो. दारव्ह्याच्या रस्त्यानं येताना उजव्या अंगाले पत्र्याची चक्की लागली असन, जिच्या दारात निळा डरम ठेवला हाय, ते तिचीच. मधातून उठू नोका मात्र. हे गोठ लोकायनं अर्धी आइकली म्हणून तं एवढं रामायण झालं.

ज्या साली कापसावर औषध फवारता फवारता माणसं पडली, अन् मंग उरल्यासुरल्याचा कापूस गुलाबी अळीनं खाल्ला, त्या सालची गोठ हाय.

उर्वशी तवा चाळिशीले टेकली होती. लगन झालं होतं, पण वर्ष नाई भरलं तं वापस आली. सासरच्यायचं म्हणणं, पोरगी घमेंडी हाय. कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलत नाई, पाव्हणे आले का कोठ्यात जाऊन बसते, अन् सासूनं कौतुकानं विचारलं का बाई भाजी कशी झाली, तं सांगते, खारट. आता भाजी खारट होती हे सासूलेही माहीत होतं. पण तसं सांगतात का कोणी?

तिचा मोठा भाऊ राजदीप ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडते. त्यानं तिले चक्की टाकून देल्ली. ते काम तिले असं बसलं जसं पायात जुनी चप्पल. चक्की चालू असली का कोणाले बोलता येत नाई नं. लोकं डबा ठेवत, बारीक का जाड ते बोटानं दाखवत, अन् जात. तिच्या डोक्याले तो एकसारखा आवाज बरा वाटे. दुसरे आवाज तिले चावत, हा नाई चावे.

मैतरीन म्हणसान तं एकच. बंजारा तांड्यावरची बसंतीबाई. चक्कीच्या मांगंच बसंतीचं कापसाचं वावर. बसंतीले बोलाले लागे, उर्वशीले आइकाले जमे. बसंतीनं तिले कधी म्हणलं नाई का, बाई, माह्याकडे पाहून बोल. दोघीही पऱ्हाटीकडे पाहत अन् गोठी चालत.

बसंतीचा नवरा देवसिंग. गाणं म्हणत फवारे तो माणूस. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, फवारा उडाला का सारा तोंडावर. एका दिवशी घरी आला, म्हणे डोळ्याले दिसत नाई. यवतमाळच्या दवाखान्यात नेला. वापस आणला तो गाडीत आडवा घालून.

साऱ्या तांड्यातल्या बाया जमल्या. गावातल्याही गेल्या. आता तांड्यावरचं रडणं तुमी आइकलं असन नसन. बाया गळ्यात गळा घालतात अन् सूर धरून रडतात. ‘याडी ये’, म्हणजे ‘माय वो’, म्हणून एकीनं उचललं का दुसरी पुढं नेते. येणारी हरेक बाई जिचा माणूस गेला तिच्या गळ्यात पडते, अन् दोघी मिळून रडतात. जो आला नाई, जो रडला नाई, तो लोकायच्या ध्यानात राह्यते.

उर्वशीही गेली. ओसरीच्या खांबापाशी उभी राह्यली. देवसिंगले ओसरीत निजवला होता. चक्कीचा पट्टा सरकला का कसा कर्र आवाज निघते, तसं तिच्या डोक्यात चालू झालं. बायायचा सूर, पोट्ट्यायचं रडणं, उदबत्तीचा वास, कोणाची बांगडी कोणाच्या बांगडीवर. बसंतीनं तिच्याकडे हात लांबवला. उर्वशीले तो हात दिसला. तिचा पाय उचललाच नाई. तिले वाटलं, आता कोणी आंगाले लागलं तं मी इथीच वरडीन, अन् मंग बसंतीच्या दुःखात माहाच तमाशा होईन.

मंग ते मागच्या दारानं बाहीर निंघाली.

मांगं वावर. वावरात बोंडं फुटली होती, पांढरं फक्क. अन् मावळतीकडून आभाळ भरून येत होतं, काळं. बसंतीचा हा त्या सालातला पयलाच कापूस. पाणी आलं तं सारा भिजन, पिवळा पडन, कोणी फुकटात घेणार नाई. अन् हे वेचणार कोण? घरात तं मढं. उर्वशीनं कमरेले कापड बांधून ओटी केली अन् वेचाले लागली.

आता इथी तुमाले एक सांगतो, नाई तं समजणार नाई. आमच्याइकडे पयल्या वेचणीच्या आधी घरची बाई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दगड मांडते, दही-भाताचा निवद दाखवते. सीतादही म्हणतात त्याले. ते झाल्याबिगर कोणी बोंडाले हात लावत नाई. अन् उर्वशी वेचत होती ते सीतादहीबिगर, सुतकात, दुसऱ्याच्या वावरात, एकटी.

सांजीले लोकं मसणातून वापस आले. त्यायच्या मधातून उर्वशी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन चालली. सारे नुसते बाजूले झाले. ते सरळ बसंतीच्या घरी गेली अन् कोरडी जागा पाहून गाठोडं ठेवून देल्लं.

कुठी ठेवलं? ओसरीत. सकाळी देवसिंगले निजवला होता, बरोबर तथी. तथी दिवा लावला होता, तो सरकवून.

बायायनं तोंडाले पदर लावले. गावातली तुळसाबाई म्हणे, “माय वो, माणूस आजून पुरा जळला नाई अन् हे कापूस मोजून राह्यली.” देवसिंगचा लहान भाऊ थावरा आंगावर धावला, लोकायनं धरला. बसंती त्या गाठोड्याकडे पाहत राह्यली. मंग म्हणे, “जाय तू.”

अन् गंमत सांगू? पाणी आलंच नाई. ते आभाळ तसंच्या तसं पुसदच्या आंगानं निंघून गेलं. एक थेंब नाई पडला. पडला असता तं लोकायनं म्हणलं तरी असतं का बाईनं कापूस वाचवला. आता काय म्हणतीन?

दुसऱ्या दिवसापासून तांड्यावरचा एकही डबा चक्कीवर नाई आला. आठवड्यात गावातलेही कमी झाले. तुळसाबाई तं भर उन्हात दुसऱ्या गावाले दळण नेई, अन् जाताना चक्कीसमोरून मुद्दाम हळू चाले. थावरानं तंटामुक्ती समितीत अर्ज देल्ला, का या बाईनं आमच्या मेल्या माणसाची इज्जत घेतली. समितीनं तेरवी होऊ देल्ली, दिवाळी होऊ देल्ली, अन् तारीख ठरवली.

दिवाळीले खुशी आली. राजदीपची पोरगी, नागपूरले नर्सिंग शिकते. तिनं पायलं का आत्या बंद चक्कीपाशी बसून हाय, पट्ट्यावर हात ठेवून. पोट्टीनं सारं आइकून घेतलं अन् म्हणे, “आत्या, माह्यासंग नागपूरले चाल. तुले एका डॉक्टरले दाखवाचं हाय.”

“मले काय झालं?”

“झालं काईच नाई. चाल तं.”

दोन-तीन खेपा झाल्या. डॉक्टरीन बाईनं लहानपणापासूनचं सारं विचारलं. राजदीपशी फोनवर बोलली. लेबल कापून कपडे घालता का, हे विचारलं. उर्वशी चमकली, का हे हिले कोणं सांगतलं. शेवटी डॉक्टरीन म्हणे, हे ऑटिझम हाय, जलमापासूनच हाय, हा रोग नाई अन् पागलपणा तं नाईच. तुमचं डोकं येगळ्या तऱ्हेनं चालते. कोणाले सांगाचं, कोणाले नाई, ते तुमचं तुमी ठरवा. घाई करू नोका.

येष्टीत उर्वशी खिडकीपाशी बसली होती. कळंब गेलं तवा म्हणे, “खुशे, माह्यासारखे अजून हायेत म्हणे.”

“बहुत हायेत.”

“मंग राह्यतात कुठी? मले तं आजलोक एकही नाई भेटला.”

“तेही चक्कीमांगं लपून बसले असतीन, आत्या.”

उर्वशीले हासू आलं. मंग म्हणे, “मराठीत काय म्हणते त्याले?”

“स्वमग्नता.”

“ज्यानं हे नाव ठेवलं तो मले कधी भेटला नसन. मी सोतात कुठी मगन हावो? मले तं सारं जगच जादा आइकू येते.”

आता घोळ पाहा. घरी आल्यावर उर्वशी आंग धुवाले गेली, अन् तेवढ्यात खुशीनं बापाले सांगून टाकलं. पोट्टीचं मन चांगलं, पण तोंडाले दार नाई. उर्वशी बाहीर आली तं राजदीप खाटेवर बसलेला, डोळे पुसून राह्यला. बाबासाहेबाच्या फोटोखाली बसला होता, जसं काई फोटोलेच सांगत होता.

“उर्वशी,” तो म्हणे, “बस झालं. आता मी समितीत उभा राह्यतो अन् सांगतो. बाईचं डोकंच तसं हाय, डॉक्टरनं सांगतलं. तिच्या हातात नाई. माफ करा. सारे माफ करतीन. उद्यापासून चक्की चालू.”

उर्वशीनं पयले खुशीकडे पायलं. म्हणजे खुशीच्या खांद्याकडे. “माही गोठ तू काहून सांगतली? म्या तुले म्हणलं होतं का सांग म्हणून?”

“आत्या, बाबा तं घरचेच हायेत.”

“घरचे हायेत म्हणून काय झालं? माहं हाय ते. म्या आजून माह्या हातात नीट धरलंही नाई अन् तू वाटून मोकळी.”

खुशीचं तोंड उतरलं. राजदीप मधात पडला. “तिले कायले बोलतं? तुले माहीत हाय का, तुह्यापायी म्या किती लोकायच्या शिव्या खाल्ल्या? तुह्या सासऱ्यानं चारचौघात मले म्हणलं, का तुमच्या घरात वळण नाई. म्या खाली मुंडी घालून आइकलं. आज जवाब सापडला तं तू म्हणतं देऊ नोको?”

“जवाब माहा हाय, दादा.”

“चक्की बंद पडली हाय.”

“पडू दे.”

“अवो पण ते माफ करतीन म्हणतो नं मी.”

“कायची माफी?” उर्वशी म्हणे. तिचा आवाज चढत नाई, तुमी आइकला असन, चक्कीसारखा एकाच पट्टीत चालते. “मी कापूस वेचला ते डोकं खराब हाय म्हणून नाई वेचला. आभाळ आलं होतं म्हणून वेचला. तिचा कापूस भिजला असता म्हणून वेचला. तू उभा राहून म्हणशीन का बिमार हाय, सोडून द्या, तं तो कापूस बिमारीनं वेचला असं होईन. मंग मी काय वेचलं?”

राजदीपनं डोकं धरलं. “तुह्याशी बोलून माणूस पागल होईन.”

“मंग तूही नागपूरले जाय. खुशी नेईन.”

समितीले अजून तीन-चार रोज होते. उर्वशी चक्कीत बसून एक-एक माणूस डोक्यापुढं आणे. तुळसाबाईले सांगाचं? ते उद्याच्या बजारात पोचन अन् परवा सारं दारव्हा इचारन का बाईचं काय बिघडलं. सरपंचाले? तो म्हणन, काई योजना हाय का पाहू. थावराले? त्याच्या पोटात भावाची आग हाय, त्याच्यात अजून काय टाकता. सासरच्यायले सांगाव, असंही एक डाव वाटलं. जाऊन दारात उभं राहाव अन् म्हणाव, घमेंड नव्हती. पण मंग तिले वाटलं, त्यायले सांगून काय, त्यायच्यापाशी ते ठेवाले जागाच नाई. वस्तू द्याची तं ज्याच्या घरी कोनाडा हाय त्यालेच द्यावं. नाई तं ते उकिरड्यावर जाते.

असे सारे एक-एक करून गेले. एक राह्यली.

समितीच्या आदल्या दिवशी बसंती वावरात एकटी होती. अळीनं अर्ध्याच्या वर बोंडं खाल्ली होती, फोडलं का आतून किडकी सरकी अन् गुलाबी अळी. तरी राह्यलंसायलं वेचाच लागते. उर्वशी धुऱ्यावरून उतरली, बसंतीच्या बाजूच्या तासाले, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीले, लागली अन् वेचाले लागली. बसंतीनं पायलं अन् आपलं वेचत राह्यली. अर्धं वावर तसंच गेलं.

मंग उर्वशी म्हणे, “जागा चुकली माही. तिथी नव्हतं ठेवाचं. त्याची माफी मागाले आली. वेचल्याची नाई मागत.”

बसंतीचे हात थांबले. “तुले आजही तेच सुचते? कापूस अन् जागा?”

“मंग काय सुचाले पायजे?”

“उरशे, त्या कापसाचं मले काईच नाई. सीतादही गेली चुलीत. थावरा बोंबलते त्याले बोंबलू दे.” बसंती कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. “म्या हात लांबवला होता. साऱ्या बाया माह्या गळ्यात पडल्या. जिले म्या ओळखत नाई तेही पडली. तूच नाई. तू वापस फिरली. मले वाटलं, तुले देवसिंगचंही काई नाई अन् माहंही काई नाई.”

उर्वशी बोंड हातात धरून उभी. अन् तिनं सांगतलं. सारं सांगतलं. पट्ट्याच्या आवाजाचं, बांगड्यायचं, पाय उचलला नाई त्याचं, का वरडली असती तं काय झालं असतं त्याचं. मंग नागपूरचं, डॉक्टरीनचं, नावाचं. पऱ्हाटीकडे पाहून सांगतलं, एकाच पट्टीत. अन् शेवटी म्हणे, “गळ्यात पडणं मले नाई जमत. पुढंही नाई जमणार. तुह्या पोरीच्या लग्नातही नाई जमणार. वेचणं जमते. ज्याले जे जमते ते तो देते.”

बसंतीनं एक किडकं बोंड तोडून फेकलं. “डॉक्टरनं सांगाच्या आधी तू दुसरी कोणी होती का?”

“नाई. हेच होती.”

“मंग डॉक्टरनं काय नवं सांगतलं? तू आडवी हाय हे तं मले कवाचं माहीत हाय.” ते हासली नाई, पण आवाज मऊ झाला. “अजून कोणाले सांगतलं?”

“म्या तं कोणालेच नाई. खुशीनं दादाले सांगतलं. म्या सांगतलेली तू पयली.”

“काहून मले?”

“तू कधी म्हणली नाई का माह्याकडे पाहून बोल.”

बसंतीले तवा रडू फुटलं. सूर न धरता, नुसतं नाक वढत. उर्वशी जवळ नाई गेली. पण निंघूनही नाई गेली. ते दोघीचेही तास वेचत राह्यली, आपलाही अन् बसंतीचाही, बसंतीचं रडणं होईपर्यंत. मंग बसंतीनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणे, “ते गाठोडं आजून ओसरीतच हाय. कोणाची हात लावाची हिंमत नाई. सारे त्याले वलांडून जातात, जसं नाग बसला हाय.”

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर समिती बसली. लोकायले तं पाहाचंच होतं, ओटा भरला. थावरानं आपलं सांगतलं. तुळसाबाईनं न इचारता साक्ष देल्ली. मंग राजदीप उभा राह्यला. त्यानं घसा खाकरला, म्हणे, “जय भीम, रामराम. माही बहीण, म्हणजे तिचं असं हाय का...”

“दादा, खाली बस,” उर्वशी म्हणे.

राजदीप तिच्याकडे पाहत राह्यला. तिच्यासाठी बोलाची त्याले अशी सवय होती का तोंड उघडंच राह्यलं. मंग बसला.

उर्वशी उभी झाली. ओट्याच्या खांबाकडे पाहून बोलली. “कापूस म्या वेचला. गाठोडं जिथी ठेवलं ती जागा चुकली, त्याची माफी मागतली. जिले मागाची तिले मागतली. वेचल्याची मागत नाई. उद्या आभाळ आलं तं पुन्हा वेचीन. थावराभाऊ, तुह्या वावरातलाही वेचीन.”

हासाव का नाई ते लोकायले समजेना. थावरा लाल झाला. “मयताच्या दिवशी असं कोणी करते का? डोकं ठिकाणावर हाय का तुयं?”

राजदीप तिच्याकडे पाहे, खुशी तिच्याकडे पाहे. एवढंच सांगाचं होतं भाऊ. एक शब्द. सांगतला असता तं तथीच सारं मिटलं असतं, बायायनं चुकचुक केलं असतं, थावराच हात जोडून म्हणला असता का माफ कर बाई, माहीत नव्हतं.

“ठिकाणावर हाय,” उर्वशी म्हणे. “तुमच्या ठिकाणावर नाई. माह्या ठिकाणावर हाय.”

अन् बसली.

समितीचा अध्यक्ष पान चघळत होता, त्याचं चघळणं थांबलं. तो काई म्हणणार तं मांगून आवाज आला, “सरका.” बसंती. डोक्यावर ज्वारीचा डबा. एवढ्या लोकायच्या मधातून आली अन् डबा उर्वशीच्या पायापाशी ठेवला. थावरा म्हणे, “वहिनी, हे काय?”

“दळण हाय,” बसंती म्हणे. “माहा माणूस गेला, माहा कापूस होता, माही ओसरी होती. मले काई तक्रार नाई तं तुही कायची तक्रार?” मंग उर्वशीकडे न पाहता म्हणे, “तुमचं झालं असन तं चक्की चालू कर. घरात पीठ नाई.”

तांड्यावरचे डबे हळूहळू आले. सारे नाई आले. थावरा दोन वर्षं बोलला नाई, मंग बोलला. तुळसाबाई आजही दुसऱ्या गावाले दळण नेते. तिचे गुडघे दुखतात, पण नेते. ज्याची त्याची जिद हाय. अन् राजदीप म्हणे, माही बहीण मले बोलू देत नाई, पण हे सांगताना त्याची छाती फुगते, तुमी पाहून घ्या कवा.

अन् ते गाठोडं? दुसऱ्या साली बसंतीनं सीतादही केली तवा त्यातलाच कापूस नेला अन् दगडापाशी ठेवला. उर्वशी धुऱ्यावर उभी होती. दूर.

पुढं तिनं सोताच एक-एकाले सांगतलं. तिच्या मनानं, तिच्या वेळेनं. मलेही सांगतलं, पऱ्हाटीकडे पाहून. म्या इचारलं, बाई, हे मी लोकायले सांगू का? ते म्हणे, सांगजो, पण एक पाळजो.

तेच आता तुमाले सांगतो. गावाकडे जासान, कोणाले हे गोठ सांगसान, तं सांगजा. मी नाई म्हणत नाई. पण डॉक्टरपासून सुरू करू नोका भाऊ. आधी कापसाचं सांगजा.